उतारावरचं राज्य: ओडिशा समजून घेताना

पुरीच्या रथाला लागणारं लाकूड पुरीत मिळत नाही. ते येतं दीडशेएक किलोमीटर आतून, नयागड जिल्ह्यातल्या दसपल्लाच्या जंगलातून. कटकच्या आसपासची भातखाचरं भरतात ती बरीचशी छत्तीसगडात पडलेल्या पावसावर. पारादीप बंदरात जहाजावर चढणारं लोहखनिज केंदुझरच्या लाल डोंगरातलं असतं. पाणी, गाळ, लाकूड, खनिज, ओडिशात सगळं वरून खाली येतं. तिथल्या लोकांच्या श्रद्धेप्रमाणे देवसुद्धा वरूनच आला. जगन्नाथ मुळात जंगलातल्या शबरांचा नीलमाधव, ही कथा तिथल्या घराघरांत सांगितली जाते.

म्हणून हे राज्य समजून घ्यायला उतारापासून सुरुवात करावी. जिल्ह्यांची नावं आणि सणांची यादी पाठ केली तरी हाताला फारसं काही लागत नाही. तो उतार एकदा डोळ्यांपुढे आला, की तिथले पूर, वादळं, कायदे आणि उत्सव एकाच दोऱ्यात ओवलेले दिसतात.

डोंगर कुठं, दर्या कुठं

राज्याचं क्षेत्रफळ १,५५,७०७ चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळपास बरोबर निम्मं. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे ४ कोटी २० लाख होती. नैर्ऋत्येला कोरापुटच्या पठारावर देवमाळी हे सर्वांत उंच शिखर आहे, १,६७२ मीटरचं. आपल्या कळसूबाईपेक्षा ते थोडंसंच जास्त उंच. उत्तरेला मयूरभंज, केंदुझर आणि सुंदरगडचा डोंगराळ भाग, तिथंच सिमिलिपालचं जंगल. पूर्वेला सुवर्णरेखा नदीपासून ऋषिकुल्येच्या पलीकडे गंजामच्या टोकापर्यंत किनारपट्टी. किनाऱ्यावर जिल्हे सहाच: बालेश्वर, भद्रक, केंद्रपाडा, जगतसिंहपूर, पुरी आणि गंजाम.

सह्याद्रीची सवय असलेल्या माणसाची इथं एक चूक हमखास होते. पूर्वघाट म्हणजे सह्याद्रीसारखीच एक सलग भिंत असणार, असं तो धरून चालतो. पूर्वघाट तुटक आहे आणि नद्यांनी तो ठिकठिकाणी कापून काढला आहे. गोदावरी, कृष्णा समुद्राकडे पाठ फिरवून पूर्वेला निघतात, कारण पश्चिमेला कडा आडवा येतो. महानदीला असा अडसर नाही. छत्तीसगडात धमतरी जिल्ह्यात, सिहावाजवळ उगम पावलेली ही नदी साडेआठशेहून अधिक किलोमीटर वाहते आणि वाटेत आलेला पूर्वघाट सातकोसियाच्या घळीतून आरपार ओलांडते. घळीची लांबी सुमारे २२ किलोमीटर. सात कोस म्हणून सातकोसिया.

घळीतून बाहेर पडली की नदीचा उतार संपतो. पाण्याचा वेग मंदावतो आणि त्यानं वाहून आणलेला गाळ खाली बसू लागतो. कटकजवळ नराजला महानदीला फाटा फुटतो आणि काठजोडी वेगळी होते. पुढे फाट्याला फाटे फुटत कुआखाई, दया, भार्गवी, देवी अशा नद्या होतात. कटक शहर महानदी आणि काठजोडी यांच्या बेचक्यात वसलं आहे. काठजोडीच्या काठावर जुना दगडी बांध आहे आणि त्याचं श्रेय परंपरेनं केशरी घराण्यातल्या एका राजाला दिलं जातं. त्या शहराचं सगळं आयुष्य बांधाच्या भरवशावर गेलेलं आहे.

हिराकूड असूनही पूर का येतो

हा प्रश्न दर दोन-चार वर्षांनी ओडिशात विचारला जातो, आणि त्याचं उत्तर आकड्यांत आहे.

संबळपूरजवळचं हिराकूड धरण १९५७ साली पूर्ण झालं. मुख्य धरण ४.८ किलोमीटर लांब आहे, दोन्ही बाजूंचे मातीचे बांध धरले तर एकूण लांबी २५.८ किलोमीटर भरते. ते बांधताना एक लाखाहून जास्त माणसं विस्थापित झाली. धरणाची कामं तीन: खालच्या त्रिभुज प्रदेशाला पुरापासून वाचवणं, सिंचन आणि वीज. गोम अशी, की ही तीन कामं एकमेकांच्या विरुद्ध जातात. पूर अडवायचा तर जलाशय रिकामा हवा. वीज आणि सिंचनाला तो भरलेला लागतो.

यावर तोडगा म्हणून पावसाळ्यात कोणत्या तारखेला पाण्याची पातळी किती ठेवायची याचं एक ठरीव वेळापत्रक असतं. पूर्ण भरलेली पातळी ६३० फूट आणि किमान पातळी ५९० फूट. जुलै-ऑगस्टमध्ये पातळी मुद्दाम खाली ठेवायची, सप्टेंबरभर हळूहळू वाढवत न्यायची आणि पाऊस संपता संपता, ऑक्टोबरच्या सुमारास जलाशय भरायचा. गडबड होते ती सप्टेंबरात. जलाशय भरत आलेला असतो आणि बंगालच्या उपसागरातला एखादा कमी दाबाचा पट्टा छत्तीसगडवर येऊन ठाण मांडतो. मग दरवाजे उघडण्यावाचून इलाज उरत नाही. धरणाला एकूण ९८ दरवाजे आहेत, ६४ खालचे आणि ३४ वरचे. सोडलेलं पाणी कटकजवळ मुंडळीला पोहोचायला साधारण दीड दिवस लागतो. खालच्या गावांना जी काही तयारी करायची ती एवढ्या वेळात.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे, आणि बातम्यांत ते क्वचितच येतं. महानदीचं खोरं सुमारे १,४१,६०० चौरस किलोमीटरचं आहे. त्यातल्या ८३,४०० चौरस किलोमीटरचं पाणी हिराकूडमध्ये येतं. उरलेल्या भागातलं पाणी धरणाच्या खाली नदीला मिळतं. त्यात ओंग आहे आणि मुख्य म्हणजे तेल नदी आहे. तेल सोनपूरजवळ महानदीला मिळते आणि तिच्यावर हिराकूडसारखं पाणी धरून ठेवणारं काहीच नाही. कलाहांडी-बलांगीरकडे धो धो पाऊस झाला तर हिराकूडचा एकही दरवाजा न उघडता कटकला पूर येऊ शकतो. तेलचा लोंढा आणि हिराकूडचा विसर्ग नराजला एकाच वेळी पोहोचले, तर तो सगळ्यांत वाईट दिवस. म्हणून पुराच्या दिवसांत तिथले अभियंते तेलवर डोळा ठेवून हिराकूडचा विसर्ग मागेपुढे करतात.

उन्हाळ्यात भांडण उलट्या बाजूनं होतं. छत्तीसगडनं वर बंधारे घातल्यामुळे बिनपावसाळी दिवसांत पाणी कमी येतं, ही ओडिशाची तक्रार. त्यासाठी २०१८ साली महानदी जलविवाद लवाद नेमला गेला.

चिलिका: मिठाचं गणित

दया आणि भार्गवी हे महानदीचे फाटे ज्या सरोवरात जातात ते चिलिका. ऋतूप्रमाणे त्याचा आकार सुमारे ९०० ते १,१६५ चौरस किलोमीटर असा कमीजास्त होतो. उत्तरेकडे नद्यांचं गोडं पाणी, समुद्राच्या बाजूला खारं आणि मध्ये निमखारं. मासे, कोळंबी, खेकडे आणि इरावडी डॉल्फिन या मिश्रणावर जगतात. मीठ फार झालं किंवा फार कमी झालं, तर सरोवराचं सगळं तंत्र बिघडतं.

समुद्र आणि सरोवर यांच्यामध्ये वाळूचा एक लांब दांडा आहे, त्याला एक तोंड आहे आणि त्यातून भरती-ओहोटी आत-बाहेर करते. या किनाऱ्यावर लाटा वर्षातला बराच काळ तिरक्या येतात आणि वाळू ईशान्येकडे ढकलत नेतात. त्यामुळे ते तोंडही हळूहळू ईशान्येकडे सरकतं. तोंड जितकं दूर जाईल तितकी आतली वाट लांबते, अरुंद होते आणि गाळानं भरते. भरतीचं पाणी सरोवरापर्यंत पोहोचायच्या आतच ओहोटी लागते.

विसाव्या शतकाच्या शेवटी नेमकं हेच झालं. सरोवर गोडं पडत गेलं, पाणवनस्पती माजल्या, मासळी घटली. चिलिका १९८१ पासून रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत होतं. १९९३ साली ते धोक्यातल्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं. राज्य सरकारनं स्थापन केलेल्या चिलिका विकास प्राधिकरणानं प्रवाहांचा अभ्यास करून घेतला आणि सातपाड्याजवळ सिपाकुडा इथं वाळूचा दांडा कापला. २३ सप्टेंबर २००० ला नवं तोंड उघडलं आणि समुद्राची वाट सुमारे १८ किलोमीटरनं कमी झाली. पाण्यात मीठ परत आलं. पुढच्या दोन-तीन हंगामांत मासळीचं उत्पादन कित्येक पटींनी वाढलं आणि २००२ मध्ये चिलिकाचं नाव धोक्याच्या यादीतून निघालं. आशियात असं पहिल्यांदाच घडलं.

आता तिथं झगडा आहे तो 'घेरी'चा. कोळंबी वाढवण्यासाठी सरोवराच्या उथळ भागात जाळ्यांचे किंवा मातीचे बेकायदा वाडे घालतात, त्यांना घेरी म्हणतात. त्यांनी प्रवाह अडतो, गाळ साचतो आणि पिढीजात मासेमारांची जागा जाते. नवं तोंडही वाळूच्या ओघात सरकतच राहतं. चिलिकाचा इलाज एकदा करून संपणारा नाही.

वादळ: १९९९ नंतर काय बदललं

बालेश्वरजवळ चांदीपूरला ओहोटीच्या वेळी समुद्र चार-पाच किलोमीटर मागं जातो. पर्यटकांना त्याचं कौतुक वाटतं, पण हीच गोष्ट चक्रीवादळात जीवघेणी ठरते. समुद्रतळ इतका उथळ आणि संथ उताराचा असला, की वाऱ्यानं ढकललेल्या पाण्याला खाली जायला जागा नसते. ते वर चढतं आणि जमिनीवर घुसतं. त्यात बंगालचा उपसागर उत्तरेकडे निमुळता होत जातो आणि त्याचं पाणीही कोमट. भर पावसाळ्यात वरच्या थरातले जोराचे वारे वादळाला आकार धरू देत नाहीत. म्हणून मोठी वादळं पावसाळ्याच्या दोन्ही कडांना येतात, एप्रिल-मेमध्ये आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये.

२९ ऑक्टोबर १९९९ ला महाचक्रीवादळ पारादीपजवळ धडकलं. वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २६० किलोमीटर होता. जगतसिंहपूर जिल्ह्यातल्या एरसमा भागात समुद्राचं पाणी घराच्या छपरांवरून गेलं. सरकारी आकडा जवळपास दहा हजार मृत्यूंचा आहे. त्यातले बहुतेक वाऱ्यानं गेले नाहीत, पाण्यानं गेले. इशारा दिला गेला होता. पण तो शेवटच्या गावापर्यंत पोहोचवायची यंत्रणा तिथं नव्हती, आणि पोहोचला असता तरी लोकांना जायला जागा नव्हती.

त्यानंतर राज्यानं वेगळं आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण उभं केलं, आणि २००१ साली 'ओड्राफ' हे स्वतःचं बचाव दल. किनाऱ्याला आठशेहून जास्त निवारे बांधले. निवारा म्हणजे खांबांवर उचललेली पक्की काँक्रीटची इमारत, खालून पाणी वाहून जाईल अशी. एरवी तिथं शाळा भरते किंवा गावच्या बैठका होतात. हे मुद्दाम केलेलं आहे. वर्षभर कुलूपबंद राहणारी इमारत ऐन वेळी उघडली तर पंप बंद, संडास तुंबलेले आणि किल्ली सापडत नाही, असं होतं.

हवामान खात्याचा इशारा टप्प्याटप्प्यानं येतो: ७२ तास आधी पूर्वसूचना, ४८ तास आधी सावधानता, २४ तास आधी प्रत्यक्ष इशारा, आणि १२ तास आधी वादळ कुठं धडकेल आणि पुढे कुठं जाईल याचा अंदाज. गावाची कामं याच टप्प्यांवर बांधलेली असतात. पहिल्या टप्प्याला होड्या किनाऱ्यावर परत बोलावायच्या. दुसऱ्या टप्प्याला गरोदर बायका, म्हातारी माणसं, अपंग आणि कुडाच्या घरात राहणारे यांच्या याद्या काढून निवाऱ्यात चुडा म्हणजे पोहे, गूळ, पाणी आणि औषधं भरायची. तिसऱ्या टप्प्याला माणसं हलवायची. माणसं निघायला तयार नसतात ती बहुधा गुरांपायी आणि घरातल्या धान्यापायी. म्हणून गुरांची दावी सोडा, हेही गावोगाव ओरडून सांगावं लागतं.

परिणाम आकड्यांत दिसतो. ऑक्टोबर २०१३ च्या फायलिनच्या वेळी सुमारे दहा लाख माणसं हलवली आणि मृत्यू पन्नासच्या आत राहिले. मे २०१९ चं फोनी थेट पुरीवर आलं. तेव्हा बारा लाखांच्या आसपास माणसं हलवली गेली आणि ६४ दगावली. मात्र माणसं वाचली तरी नारळ, विजेचे खांब, छपरं वाचत नाहीत. फोनीनंतर पुरी जिल्ह्याच्या कित्येक भागांत वीज यायला आठवडे लागले. यंत्रणेचं हे अंग अजून कच्चं आहे.

खारफुटीबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. १९९९ साली केंद्रपाड्यातल्या ज्या गावांसमोर कांदळवन शाबूत होतं, तिथं मृत्यू कमी झाले. भितरकनिकाचं जंगल खाऱ्या पाण्यातल्या मगरींसाठी प्रसिद्ध आहे. गावांसाठी ते दर्याच्या आड उभं राहिलेलं कुंपण आहे.

तीन प्रांतांत विखुरलेली भाषा

ओडिशाचं आजचं रूप भुकेतून आणि भाषेतून आलं. १८६५ साली पाऊस सप्टेंबरातच ओसरला. व्यापारी तांदूळ आणतील या भरवशावर इंग्रज अधिकारी स्वस्थ बसले. सरकारनं तांदूळ मागवायचं ठरवलं तोवर १८६६ चा पावसाळा तोंडावर आला होता. खवळलेल्या समुद्रात जहाजं माल उतरवू शकेनात आणि कलकत्त्याहून येणारा रस्ता चिखलात गेला. सुमारे दहा लाख माणसं मेली, म्हणजे दर तीनांतलं एक. पुरीचे राजे गजपती दिव्यसिंह देव यांच्या कारकिर्दीचा तो नववा 'अंक', म्हणजे राजवर्षांच्या गणनेतला नववा आकडा होता, म्हणून त्याला 'न'अंक दुर्भिक्ष' म्हणतात.

इंग्रजी अमलाआधीच्या ५२ वर्षांचा संबंध थेट आपल्याशी आहे. १७५१ च्या तहानं नागपूरकर रघूजी भोसल्यांना ओडिशा मिळालं. डिसेंबर १८०३ च्या देवगावच्या तहानं ते इंग्रजांकडे गेलं. कटकचा बाराबाटी किल्ला आणि लालबाग वाडा मराठ्यांच्या ताब्यात होते. पुरीच्या सिंहद्वारासमोर उभा असलेला काळ्या दगडाचा सोळा बाजूंचा अरुणस्तंभ मूळचा कोणार्कचा, तो मराठा अमलातच पुरीला आला. कठोर वसुलीच्या कडू आठवणीही त्याच काळाच्या आहेत. दोन्ही गोष्टी एकत्र लक्षात ठेवलेल्या बऱ्या.

इंग्रजांच्या काळात ओडिया बोलणारा मुलूख तीन ठिकाणी वाटला गेला. किनारा बंगालकडे, गंजाम मद्रासकडे आणि संबळपूर मध्य प्रांताकडे. १९०५ पर्यंत संबळपूरचा कारभार नागपूरहून चालायचा आणि काही वर्षं तिथल्या कचेऱ्यांत ओडियाच्या जागी हिंदी बसवली गेली होती. हे सगळे तुकडे एकत्र आणण्यासाठी मधुसूदन दास यांनी १९०३ साली उत्कल संमेलनी स्थापन केली. १ एप्रिल १९३६ ला सहा जिल्ह्यांचा वेगळा प्रांत झाला, भाषेच्या आधारावर झालेला देशातला पहिला. १९४८-४९ मध्ये डोंगरातली संस्थानं विलीन झाली आणि राज्याला वरचा, जंगलाचा बराचसा भाग मिळाला. ओडिशा पूर्ण राज्य झाला तो तेव्हा.

आज ३० जिल्हे आणि ३१४ तालुका विकास गट आहेत. महसुली विभाग तीन: संबळपूर, कटक आणि ब्रह्मपूर. विधानसभेत १४७ जागा, लोकसभेत २१, राज्यसभेत १०. महाराष्ट्राप्रमाणे विधान परिषद नाही. राजधानी भुवनेश्वरला आणि उच्च न्यायालय कटकला, कारण १९४८ पर्यंत राजधानी कटकलाच होती. नवीन पटनायक २००० ते २०२४ सलग मुख्यमंत्री होते. जून २०२४ पासून केंदुझरचे मोहन चरण माझी आहेत. 'ओरिसा'चं 'ओडिशा' झालं २०११ साली.

डोंगरातला कायदा वेगळा का

राज्यात ६२ अनुसूचित जमाती आहेत आणि लोकसंख्येतला त्यांचा वाटा जवळपास २३ टक्के. त्यातल्या १३ अतिदुर्बळ गटात मोडतात, देशात सर्वांत जास्त. मयूरभंज, सुंदरगड आणि जुना अखंड कोरापुट जिल्हा पूर्णपणे, आणि इतर काही जिल्ह्यांतले भाग, संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखाली, म्हणजे आदिवासी भागांसाठीच्या वेगळ्या तरतुदींखाली येतात. गडचिरोली, नंदुरबारकडच्या वाचकांना 'पेसा', म्हणजे अशा भागातल्या पंचायतींचा कायदा, ओळखीचा असेल, तोच हा मामला.

अशा भागात १९५६ च्या दुसऱ्या विनियमाप्रमाणे आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकता येत नाही. विकलेली आढळली तर महसूल अधिकारी ती परत मूळ मालकाला देऊ शकतात. पळवाटा कायम निघतात: आदिवासी नोकराच्या नावानं खरेदी, कर्जाच्या बदल्यात ताबा, कागदावर न येणारं गहाण. कायद्याचं बळ तलाठ्याच्या कागदाइतकंच असतं.

दुसरी गोष्ट 'पल्ली सभा'. ओडिशात ग्रामसभा संपूर्ण पंचायतीची असते आणि एकेका महसुली गावाच्या सभेला पल्ली सभा म्हणतात. तिचं वजन देशाला कळलं नियमगिरीच्या वेळी. रायगडा आणि कलाहांडीच्या सीमेवरच्या या डोंगरावर बॉक्साइट आहे, आणि डोंगरिया कोंध त्याला नियमराजाचं ठाणं मानतात. खाणीची परवानगी मिळायच्या आधीच पायथ्याशी ॲल्युमिनाचा कारखाना उभा राहिला होता. १८ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की लोकांच्या धार्मिक आणि सामूहिक हक्कांना बाधा येते का, हे गावांनाच विचारा. त्या पावसाळ्यात बारा गावांत जिल्हा न्यायाधीशांच्या दर्जाच्या निरीक्षकासमोर सभा झाल्या. बाराही गावांनी नकार दिला आणि जानेवारी २०१४ मध्ये केंद्रानं खाणीला परवानगी नाकारली. कारखान्याला माल बाहेरून आणावा लागतो. आधी कारखाना, मग परवानगी, हा क्रम किती महागात पडतो हे तिथं दिसतं.

अक्षरं, पिठं आणि विणकर

ओडिया लिपी डोक्यावर गोल असते. ताडपत्रावर लोखंडी टोकानं कोरताना आडवी सरळ रेघ ओढली तर पान शिरेच्या दिशेनं फाटतं. म्हणून आपल्या शिरोरेषेच्या जागी तिथं कमान आली, असं सांगतात. ओडियाला २०१४ साली अभिजात दर्जा मिळाला.

किनाऱ्याचा लाडका सण 'रज'. जूनच्या मध्याला, मिथुन संक्रांतीच्या आसपास, तीन दिवस धरणीमाय रजस्वला आहे असं मानतात. नांगर चालत नाही, जमीन खणायची नाही. मुली झोपाळ्यावर, आणि घरात मंद विस्तवावर रात्रभर भाजलेला पोडपिठा, म्हणजे तांदळाचा गोड केक. मग धरणीला न्हाऊ घालायचं आणि पेरणीला लागायचं. पश्चिमेला संबळपूरकडे मोठा सण 'नुआखाई', म्हणजे नव्या धान्याचा पहिला घास. तो भाद्रपद शुद्ध पंचमीला येतो, आपल्याकडे ऋषिपंचमी असते त्या दिवशी. त्याच भागातली 'बांध' साडी: आधी सूत बांधून रंगवायचं आणि मग विणायचं. गाठ एक दोराभर सरकली तरी नक्षीची कड फिसकटते. अस्सल साडीच्या नक्षीला म्हणूनच किंचित पिसारलेली कड असते आणि ती दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. छापील नकलेची कड धारदार आणि उलटी बाजू फिकी. खरेदी करताना साडी उलटून बघा.

रथ

जंगल, नदी, कारागीर, सरकार आणि देव हे सगळं एका जागी पाहायचं, तर पुरीचा बडदांड, म्हणजे मंदिरासमोरचा राजरस्ता. दरवर्षी तिथं तीन नवे रथ बांधले जातात. जगन्नाथाचा नंदीघोष सोळा चाकांचा, बलभद्राचा तालध्वज चौदा आणि सुभद्रेचा दर्पदलन बारा. मिळून ४२ चाकं. उंची ४३ ते ४५ फूट. नंदीघोषाला लाकडाचे ८३२ तुकडे लागतात, तालध्वजाला ७६३ आणि दर्पदलनाला ५९३.

लाकूड वसंत पंचमीला पुरीत पुजलं जातं आणि अक्षय तृतीयेला बांधणी सुरू होते. हाताशी दोन महिन्यांहून कमी दिवस. फाशी, धौरा म्हणजे आपला धावडा, आणि आसन ही मुख्य झाडं. फाशी नदीकाठी वाढते आणि रथाच्या कामाएवढी जाड व्हायला तिला अनेक दशकं लागतात. नद्यांचे काठ शेतीखाली गेले तशी ती दुर्मीळ झाली. म्हणून या शतकाच्या सुरुवातीपासून रथासाठी वेगळी लागवड करावी लागते आहे. पूर्वी ओंडके तराफे करून महानदीतून खाली सोडत.

कागदावर आराखडा नसतो. महाराणा सुतारांच्या घराण्यात मापं पिढीजात आहेत, आणि ती हाताच्या काठीनं घेतली जातात. लोहार, चित्रकार, शिंपी, ओझी वाहणारे भोई, प्रत्येकाचं काम वाटलेलं. चित्रकार पुरीजवळच्या रघुराजपूरसारख्या गावांतल्या पटचित्राच्या, म्हणजे कापडावरच्या पारंपरिक चित्रांच्या परंपरेतले. ज्येष्ठ पौर्णिमेला देवांना १०८ घागरींचं स्नान घालतात आणि मग देव पंधरवडाभर 'आजारी' असतात. त्या दिवसांत त्यांची सेवा फक्त दैतापतींची. हे शबर कुळातले सेवक, जंगलात नीलमाधवाची पूजा करणाऱ्या विश्वावसूचे वंशज मानले जातात. यात्रा संपून देव गाभाऱ्यात परतेपर्यंत त्यांचाच मान.

आषाढ शुद्ध द्वितीयेला गजपती महाराज सोन्याच्या मुठीच्या झाडूनं रथ झाडतात. १९५५ च्या कायद्याप्रमाणे मंदिराच्या व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष तेच, आणि रोजचा कारभार भारतीय प्रशासन सेवेतला अधिकारी पाहतो. रथ ओढत नेतात ते गुंडिचा मंदिर सिंहद्वारापासून तीनएक किलोमीटर. आधी तालध्वज, मग दर्पदलन, शेवटी नंदीघोष. रथाला सुकाणू नाही, ब्रेकही नाही. दिशा दोरखंडाच्या ओढीवर बदलते आणि थांबवायचं तर चाकांपुढे लाकडाचे ठोकळे टाकतात. अपघात होतात ते चाकालगत गर्दी शिरते म्हणून. सूर्यास्तानंतर रथ ओढत नाहीत, जिथं आहे तिथंच रात्रभर उभा राहतो. दशमीला परतीची 'बाहुडा', आणि एकादशीला सिंहद्वारासमोर रथावरच देवांना सोन्याचे दागिने घालतात. पंढरपुरात त्याच दिवशी आषाढीची गर्दी असते.

त्रयोदशीला देव आत जातात आणि रथ उकलायला घेतात. सारथी, घोडे, कडेच्या देवता आणि चाकं वेगळी काढली जातात. उरलेलं बरंचसं लाकूड मंदिराच्या रोषघरात, म्हणजे स्वयंपाकघरात जातं. तिथं बटाटा, टोमॅटो चालत नाही. चुलीवर मातीची मडकी एकावर एक रचून भात आणि डाळमा, म्हणजे भाज्या घातलेली डाळ, शिजतो, आणि दुपारी मंदिराच्या आवारातल्या आनंद बाजारात माणसं जातपात न विचारता एकाच मडक्याभोवती जमिनीवर बसून तो महाप्रसाद खातात. खाली जळत असतं ते दसपल्लाचं लाकूड.